श्रीलताच्या दारातली अम्माची रांगोळी

अन्याय माझ्या अम्मावर झाला. गेल्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, भर दुपारी, माइकवरून. घरकुलाच्या सोडतीत तिचं नाव पुकारलं गेलं, हॉलमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, उपाशी पोटानं ती स्टेजपर्यंत गेली... आणि टेबलामागच्या साहेबांनी कागद चाळत तिथल्या तिथं विचारलं, "बाई, भाडेकरार कुठाय? करार नाही म्हणजे शहरात राहत असल्याचा पुरावा नाही. अपात्र. वेटिंगमधलं पुढचं नाव घ्या."

पुरावा नाही! भवानी पेठेतल्या ज्या खोलीत माझा जन्म झाला त्याच खोलीत आम्ही दोघी आजही राहतो. मालक भाडं रोख घेतो आणि करार कुणालाच लिहून देत नाही. हे सोलापुरातल्या प्रत्येक विडी कामगार बाईला माहीत आहे. फक्त टेबलामागच्या साहेबांना माहीत नाही.

वेटिंगमधलं पुढचं नाव होतं श्रीलताचं. माझ्या सख्ख्या काकांची मुलगी. सासरचं दोन मजली घर आहे तिचं, पण रेशनकार्ड वेगळं केलंय, म्हणून कागदावर बेघर. भाडेकरार? तिच्या सासऱ्यांनीच लिहून दिला— स्वतःच्या सुनेला!

आता या सदराच्या विषयावर येते. मी भूत-प्रेत, भास-आभास काही मानत नाही. घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आमच्या समितीची पत्रकं मी लिहिते, आणि "दैवी कोप नव्हे, सरकारी हलगर्जी" हे वाक्य माझ्या पत्रकात हमखास असतं. इथले अनुभव मी आजवर हसत वाचले. हा मात्र माझा स्वतःचा आहे, आणि हसू येत नाही.

पाडव्यानंतर श्रीलताला ताबा मिळाला. शहराबाहेर, तिसरा मजला. तिनं पूजेला बोलावलं. अम्माचा त्या दिवशी कारखान्यात विड्या पोचवायचा दिवस होता, म्हणून मी एकटी गेले. (अम्मा तिथं कधीच गेलेली नाही. हे लक्षात ठेवा.) नव्या रंगाचा वास, स्वयंपाकघरात ओट्यावर नळ, मागे छोटी गॅलरी. मी बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली आणि काही काम नसताना नुसतीच उभी राहिले. आमच्याकडं अंघोळीला साडीचा आडोसा आहे. त्या कडीचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाच्या दागिन्यांचा वाटला नाही. जेवणात बासुंदी होती. वाटी मी तशीच सरकवली.

"राहायला कधी येणार?" मी विचारलं.

"हितं? येडी का काय तू!" श्रीलता हसली. "एवढ्या लांब कोण राहतंय? कुलूप लावून ठिवायचं. रेट वाढला की बघू."

पूर्वी मी तिला अक्का म्हणायचे. त्या दिवसापासून नुसतं श्रीलता.

वैशाखात एका सकाळी तिचा फोन आला. आवाज चढलेला.

"सुजे, माझ्या दारात येऊन रांगोळी काढायचा काय संबंध तुझा?"

"कसली रांगोळी?"

"रोज सकाळी! सडा टाकून! समोरची बाई फोटो पाठवतीय मला— म्हणं, वहिनी, तुमी आलात वाटतं राहायला. कुलूप तसंच, आन् दारात रांगोळी. माझ्यावर जळतीस ते मला कळतंय, पर ही कुठली पद्धत?"

जळत होतेच. पण माझी जळायची पद्धत पत्रकं छापण्याची आहे, रांगोळीची नाही. तिला तसं सांगितलं आणि पुढच्या सकाळी शेअर रिक्षा पकडून तिथं गेले. गेटवर सांगोल्याकडचे एक म्हातारे वॉचमन होते. त्यांना विचारलं, सकाळी कोण येतं?

"कोण न्हाय की ताई. हितं बसूनच असतो मी. दूधवाला सुदीक अजून लागलेला न्हाय हितं."

तिसऱ्या मजल्यावर गेले आणि पाय थांबले.

दारासमोरची फरशी ओली होती. वर मुग्गू. आमच्या तेलुगू घरांत रांगोळीला मुग्गू म्हणतात, ठिपक्यांभोवती वळणं घेत जाणारी एकच सलग रेघ. पण ही रेघ एक नव्हती. दोन होत्या, शेजारी शेजारी. आयुष्यभर विड्या वळून अम्माचं बोट अंगठ्याला पुरतं टेकत नाही, त्यामुळे तिच्या चिमटीतून रांगोळी नेहमी अशी दुहेरी सुटते. ते सोडा, असे हात पेठेत आणखीही असतील. पण मुग्गूचा उजवा कोपरा अर्धाच सोडलेला होता! आमच्या खोलीच्या दारात मालक स्कूटर लावतो. सणावारी अम्मा तिच्या चाकाला वळसा घालून उरलेल्या जागेत मुग्गू काढते, आणि उजवा कोपरा कायम अर्धा राहतो. इथं स्कूटर नव्हती. अख्खा पॅसेज मोकळा होता. तरी कोपरा सोडलेला.

अम्मा त्या सकाळी माझ्याबरोबर उठली होती. मी निघाले तेव्हा दारात बसून कात्रीनं तेंदूची पानं कापत होती.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटला तो मत्सर. घर गेलं ते गेलं, आता माझ्या अम्माचा मुग्गूसुद्धा हिच्याच दारात? मी चपलेनं पुसायला पाय उचलला, पण पुसवलं नाही.

श्रीलताचा माझ्यावरचा संशय काही जाईना. म्हणून मीच म्हटलं, चल, दोघी राहू तिथं, काय ते बघू. ती नवऱ्याशी भांडून आली. उजाडायच्या आधीच दार सताड उघडून आम्ही उंबऱ्याच्या आत सतरंजीवर बसलो. पॅसेजचा दिवा चालू, थर्मासमध्ये चहा.

"कुणाला पैसे दिलेस सांग," ती म्हणाली. "समितीतल्या पोरी आसतील तुझ्या."

"आमच्या पोरी मोर्चा आणतात गं, रांगोळी नाही."

"लई शानी! काकूंचं नाव अपात्र झालं त्यात माझी काय चूक? मी घेतलं नसतं तर तिसऱ्यानं घेतलं असतं."

"तिसरा राहिला तरी असता."

"दोन पोरी हायत मला, सुजे. उद्या सासऱ्यांनी दिराच्या नावावर घर केलं तर? तुझी आई तुला विचारती तरी. मला कोण विचारतंय त्या घरात?"

हे तिनं पहिल्यांदाच सांगितलं. मी तिच्याकडं वळले. तीही माझ्याकडंच बघत होती. एवढंच झालं. किती वेळ? चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढा.

पावसाच्या पहिल्या थेंबांनी माती भिजावी तसा वास आला. श्रीलतानं माझं मनगट घट्ट धरलं. समोर फरशी ओली होती— चकचकीत ओली— आणि तिच्यावर मुग्गू पूर्ण होता, उजवा कोपरा सोडून. पावलं वाजली नव्हती, बादलीची कडी वाजली नव्हती. बिल्डिंगच्या नळांना त्या दिवशी पाणी नव्हतं. आमच्या पायांपासून हातभर अंतरावर हे घडलं, आणि दोन धडधाकट बायकांनी काहीच पाहिलं नाही.

"काकूंना फोन लाव," श्रीलता पुटपुटली.

लावला. अम्मानं लगेच उचलला. "काय गं? चहा ठेवलाय. कधी येतेस?" मागे आमच्या शेजारणीचा, रोजचाच, आरडाओरडा ऐकू येत होता.

घरी येऊन मी अम्माला सगळं सांगितलं. आमचं बोलणं तेलुगूत झालं, इथं मराठीत लिहिते. तिनं पानं-तंबाखूचं सूप मांडीवरून खाली ठेवलं नाही. विडी वळत ऐकत राहिली. मी चिडून विचारलं, "तुला राग येत नाही? त्या बाईच्या दारात तुझा मुग्गू!"

अम्मा म्हणाली, "पाणी जपून टाकावं लागतं तिथं. फरशीला जिन्याकडं उतार आहे. जास्त झालं की खालच्यांच्या दारात जातं."

उतार खरंच जिन्याकडं आहे. मी स्वतः पाहिलाय.

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस ना आत्ता?"

मी सांगितलं नव्हतं. देवाशपथ म्हणायची मला सवय नाही, पण मी सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात श्रीलता आमच्या खोलीवर आली. आत बसायला जागा नव्हती, दारातच स्कूटरला टेकून उभी राहिली. म्हणाली, "काकू, तुमीच राहा की तितं. भाडं कमी लावते. पर ते रोजचं थांबवा."

ज्या घरासाठी माझ्या अम्माचं नाव पुकारलं गेलं, त्याच घरात तिनं भाडेकरू व्हायचं! मी तोंड उघडणार तेवढ्यात अम्मा म्हणाली, "भाडेकरार लिहून देशील का गं?"

श्रीलता स्कूटरपासून सरळ झाली. सरकारी घर भाड्यानं द्यायचं नसतं, करार केला तर ती अडकणार. "तेवढं सोडून बोला की काकू," म्हणाली.

"मग नको," अम्मा म्हणाली, आणि पुढचं पान घेतलं.

अम्माचं अपील मी दाखल केलंय. निकाल नाही. समोरची बाई आता मलाही फोटो पाठवते. मुग्गू रोज असतो. आमच्या समितीतले काही जण म्हणतात, कुणीतरी खोडी काढतंय. कोण? कसं? आमच्या डोळ्यांदेखत? मानसशास्त्र शिकलेल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, तुम्हा दोघींना डुलकी लागली असेल. डुलकीत फरशी ओली होत नाही. माझ्याकडं उत्तर नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायला माझ्याकडं वेळही नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी नक्की असा आहे, ज्यानं गरिबांच्या योजनेतलं घर घेऊन कुलूप लावून ठेवलंय. कदाचित तुम्हीच. भीती वाटली का, असं मी विचारत नाही. उद्या ऑफिस उघडेल. जा, आणि चावी परत करा.