सोरायदाचा एल्विरावरचा राग

कबाइग्वान गावच्या चिरूट कारखान्यात सोरायदा मशागतीची बैलजोडी हाकावी तशी बोलायची. हात पानं वळण्यात, तोंड सगळ्यांच्या संसारात. नवऱ्याला तिनंच मागणी घातली, आणि पुढे नको झाला तेव्हा घराबाहेरही तिनंच काढला. मनात ठेवणं म्हणून काही असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

काम चालू असताना ऐकायला त्या वर्षी कामगारांनी हात वर करून एक जुनी प्रेमकादंबरी निवडली. सोरायदाला खुनाची गोष्ट हवी होती. उंच कट्ट्यावर बसून कारखान्याचे वाचक फेलिसियानो मास्तर रोज दुपारी ती मोठ्यानं वाचू लागले. नायिका एल्विरा, एका श्रीमंत विधवेच्या सोबतीला ठेवलेली गरीब मुलगी. तिचा जीव बोटीवरच्या डॉक्टरवर. पण बोलेल तर शपथ! डॉक्टर विचारी, बरी आहेस ना? ती मान खाली घाली आणि भरतकामाचे टाके घाली.

"अगं बोल की बये! दातखीळ बसलीय का?" सोरायदा ओरडायची.

"बाई, लिहिलंय तेवढंच मी वाचणार," मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे.

एके दिवशी डॉक्टरनं दुसरीला अंगठी दिली आणि एल्विरानं त्या दोघांना कॉफी नेऊन दिली. सोरायदाचं डोकं फिरलं. तिनं पानं कापायचं पातं खण्णकन जमिनीवर आपटलं. "हिच्यापेक्षा माझी बकरी बरी! भूक लागली तर ओरडते तरी!"

अख्खी खोली हसली. शेजारची मिग्दालिया तेवढी हसली नाही. वीस वर्षं ती सोरायदाच्या बाकावर बसत होती.

"मी बाक बदलून मागितलाय," ती हळूच म्हणाली. "सोमवारपासून खिडकीपाशी."

"का? मला सांगितलं नाहीस ते!"

"तीनदा सांगितलं. तू बोलत होतीस. मला गोष्ट ऐकू येत नाही गं."

सोमवारी मिग्दालिया खरंच उठून गेली. तिच्या जागी आलेला म्हातारा ठार बहिरा निघाला. आता टोमणा मारायचा तरी कुणाला? नाइलाजानं सोरायदा ऐकू लागली, आणि ऐकताना आणखीच चिडू लागली. शेवटी डॉक्टरचं लग्न मोडलं, तो परत आला, त्यानं एल्विराला लग्नाचं विचारलं, आणि ती नुसतं "हो" म्हणाली. साऱ्यांनी बाकांवर पाती वाजवून दाद दिली. सोरायदानं हाताची घडी घातली. एवढ्या पानांत एक शब्द! आणि त्यालाही दाद!

सुटी झाल्यावर तिनं मिग्दालियाला फाटकात गाठलं.

"आवडली तुला?"

"आवडली."

"का आवडली?"

मिग्दालिया विचार करू लागली. दोघी पावाच्या दुकानावरून गेल्या, चौक ओलांडला, तरी ती विचारच करत होती. सोरायदाच्या जिभेवर दहा वाक्यं वळवळत होती. तिनं ओठ घट्ट मिटले. कानशिलं तापली, पण ती थांबली.

"तोवर तिला कुणी नीट विचारलंच नव्हतं," मिग्दालिया शेवटी म्हणाली.

सोरायदा धुसफुसतच घरी गेली. पटलं नव्हतंच. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत आपला डबा घेऊन ती खिडकीपाशी जाऊन बसली, आणि पहिले दोन घास तरी काही बोलली नाही.