हळदीचं रक्त

भुताला पांढरी चादर लागते, आणि आमच्या घरात एकही पांढरी चादर नव्हती. सोलापुरी होत्या तीन-चार. लाल, हिरव्या, मोरांच्या. त्यातली एक डोक्यावरून घेऊन मी आरशासमोर उभा राहिलो. भूत काही वाटेना. हिवतापानं आजारी पडलेला पाहुणा वाटत होता.

दुसऱ्या वर्षीचा लांबलेला लॉकडाऊन नुकताच उठला होता. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातले आम्ही सगळे बिळातून बाहेर आल्यासारखे डोळे बारीक करून एकमेकांकडे बघत होतो, आणि हॅलोविन दारात येऊन ठेपलं होतं. एरवी भुतांच्या वेशात खाऊ मागत फिरणारी पोरं दारात येऊ नयेत म्हणून मी त्या दिवशी पुढचा दिवा घालवून, टीव्हीचा आवाज कमी करून बसतो. पण यंदा लेकीला जायचं होतं. खरं तर तिला जायचंही होतं आणि नकोही होतं.

लेक तेव्हा सहा वर्षांची. तिची शाळा बहुतेक स्क्रीनवरच झालेली. वर्गात तिचा चेहरा सगळ्यांना माहीत होता, आवाज कोणालाच नाही. बाईंनी काही विचारलं की ही म्यूटचं बटण दाखवून खांदे उडवायची, जणू यंत्रच बिघडलंय. घरात तिचं तोंड मिटत नसे. माझ्या इंग्रजी उच्चारांवर तर रोज एक व्याख्यान. पण पार्कात समोरून एखादं मूल आलं की माझ्या पँटचा खिसा धरून ही मागे. लॉकडाऊन उठला तरी ते गेलं नाही. बायको काही बोलायची नाही, पण तिला त्याची काळजी होती. मलाही होती. मी ती विनोद करून लपवत होतो आणि विनोद चांगले होत नव्हते.

तिची बाहेरच्या जगाकडे जायची एकच वाट होती. मागच्या अंगणातल्या लाकडी कुंपणाला एक फट होती. पलीकडे तिच्याहून वर्षभर मोठी एक मुलगी राहायची. तिनं लॉकडाऊनमध्ये त्या फटीतून चित्रं सरकवायला सुरुवात केली. आमच्याकडून उलट चित्रं जायची. पलीकडे लिंबाचं झाड होतं, त्याची लिंबं पिशवीत भरून ती कुंपणावर अडकवायची आणि ओरडायची, "लेमन्स!" आमच्या बाजूनं चित्र जायचं, शब्द नाही.

एके दिवशी पलीकडून आवाज आला, "यू कमिंग ट्रिक-ऑर-ट्रीटिंग विथ मी ऑर व्हॉट?"

लेक घरात पळाली, कागद घेऊन परत गेली, आणि फटीतून एक भूत पलीकडे सरकलं.

"हे काय उत्तर?" मी विचारलं.

"इट मीन्स येस, बाबा." मग जरा थांबून, "पण शीट पाहिजे. सगळीकडून. नोबडी शुड सी मी."

म्हणून चादर.

"अरे, दुकानात पांढरी चादर मिळते," बायको म्हणाली. "आज ऑर्डर केलीस तर उद्या जाऊन घेऊन येशील."

"भुतासाठी नवी चादर? शेजारी काय म्हणतील?"

"म्हणतील, यांच्याकडे चादर आहे."

पण एव्हाना माझ्या अंगात कलाकार शिरला होता. आमच्या लग्नापासून तो अधूनमधून शिरतो आणि प्रत्येक वेळी काही ना काही फुटतं. मी जाहीर केलं, की तिघांचेही पोशाख घरातल्या वस्तूंतूनच होतील, दुकानातून काही येणार नाही.

बायकोचा पोशाख सोपा होता. संक्रांतीची काळी चंद्रकळा आणि पार्सलच्या पुठ्ठ्याची उंच टोपी. "चेटकीण," मी म्हणालो. "तुला बाकी काही करावं लागणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे, साडी आहेच ना, असं."

"बरं सावरलंस."

माझ्यासाठी साहित्य गॅरेजमध्ये होतं. पहिल्या लॉकडाऊनच्या वेळी सगळं मेलबर्न टॉयलेट पेपरमागे धावत सुटलं, तेव्हा मीही धावलो. का धावलो, ते आजही सांगता येत नाही. आमच्या घरात प्रत्येक बाथरूममध्ये तांब्या आहे. पण माणसं रांगेत उभी दिसली की मला रांगेत उभं राहावंसं वाटतं. ती रोलची थप्पी दीड वर्ष तशीच पडून होती. तिचं सार्थक करायचं म्हणून मी ममी होणार होतो. इजिप्तची.

राहिलं भूत. कपाटाच्या वरच्या कप्प्यात वास्तुशांतीचं धोतर सापडलं. आईनं पुण्याहून आणलेलं, पांढरंशुभ्र, बारीक लाल काठाचं. एकदाच नेसलेलं, आणि तेही भटजींनी व्हिडिओवरून सूचना देत नेसवलेलं. मी ते दुहेरी केलं, लेकीच्या डोक्यावर टाकलं आणि डोळ्यांच्या जागी कात्रीनं दोन भोकं पाडली. नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला.

"ते काय आहे रे पोरीच्या अंगावर?"

"काही नाही, खेळतेय."

"काठ ओळखीचा वाटतोय."

"सगळे काठ सारखेच असतात, आई."

"दिवाळी चार दिवसांवर आली आणि तू पोरीला धोतराचं भूत करतोस? आणि भोकं पाडलीस त्याला?"

"छोटी आहेत."

आईनं फोन सुनेकडे द्यायला सांगितला. माझ्याबद्दल काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ती ते माझ्याशी बोलत नाही.

अडचण धोतराची नव्हती, काठाची होती. लेक आरशात बघून म्हणाली, "आय लुक लाइक आजोबा." खरंच तसं दिसत होतं. सत्यनारायणाला बसायला निघालेलं भूत. तिचा खालचा ओठ पुढे यायला लागला. आता ही जात नाही म्हणणार, हे मला दिसलं. मी घाईनं म्हणालो, "थांब, याला रक्त लावू. काठ दिसणारच नाही."

"रिअल ब्लड?"

"रिअलसारखं."

इथे माझं शिक्षण आडवं आलं. मी केमिकल इंजिनिअर आहे. म्हणजे कागदावर. इथे आल्यापासून मी एका गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रसायन म्हटलं तर सकाळचा चहा. पण वरणाचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की तो डाग लालभडक होतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. मी ओट्यावर हळदीचा डबा काढला. खायचा सोडा घालून बघितला, तर विटकरी रंग आला. मग कपडे धुवायची पावडर पाण्यात कालवून घातली आणि वाटीत जे काय झालं ते बघून मला स्वतःचाच अभिमान वाटला. गर्द, दाट, जुन्या जखमेसारखं.

"वॉव," लेक म्हणाली.

लेक मला वॉव म्हणाली, असं पूर्वी कधी झाल्याचं आठवत नाही. मी चेकाळलो. बोटांनी, ब्रशनं, शेवटी चक्क कलथ्यानं ते रक्त धोतरावर फासलं. काठावर तर दोन-दोन थर. धोतर दोरीवर वाळत टाकलं. पलीकडून कोणीतरी कुंपणावरून डोकावलं आणि मागे गेलं.

रात्रभर आम्ही सराव केला, असं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे संध्याकाळीच दहा मिनिटं केला. मी बाथरूममध्ये, ती बाहेर. ती दार वाजवायची आणि म्हणायची, "ट्रिक ऑर ट्रीट." पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. नंतर ऐकू आलं. शेवटी ती म्हणाली, "समजा नाही म्हणता आलं तर?"

"तर भूत नुसतं उभं राहील. भुतांना बोलायची सक्ती नसते."

हे मी बरोबर बोललो की चूक, ते कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

इथलं हॅलोविन हा मुळातच विचित्र प्रकार. वसंत ऋतू, उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केलेली, संध्याकाळी ऊन अजून डोळ्यांवर येत असतं. भुताखेतांना अंधार लागतो हे कोणी सांगितलंच नसावं. त्यात आमच्या नव्या वसाहतीत झाडं कंबरेएवढी आणि वारा पश्चिमेकडून थेट. गल्लीतल्या लोकांनी काळजी घेऊन खाऊ कुंपणांवर चिमट्यांनी लटकवला होता. काहींनी ड्राइव्हवेवर टेबलं मांडून स्वतः लांब खुर्च्या टाकल्या होत्या.

आम्ही दारातून बाहेर पडलो, आणि पहिल्या झुळकीला माझा डावा हात सुटला. म्हणजे हाताचा कागद. तो मागे लांबच लांब फडफडत राहिला. शेजारच्या मुलीचा बाप आपल्या ड्राइव्हवेवर उभा होता. त्यानं मला वरून खाली पाहिलं.

"मेट," तो म्हणाला, "गेल्या वर्षी आम्ही हे शोधत चार दुकानं फिरलो होतो."

"अजून आहे," मी म्हणालो. "गॅरेजमध्ये."

"असणारच."

त्याची मुलगी वटवाघूळ झाली होती. छत्रीचं काळं कापड, फक्त तेवढंच, आणि काय सुंदर दिसत होतं. माझ्यातल्या कलाकाराला ते लागलं. तिनं सरळ धोतरातून लेकीचा हात शोधून धरला आणि दोघी पुढे चालायला लागल्या. बायकोनं जाता जाता लेकीच्या हातात पाण्याची बाटली दिली. ऊन आहे, आत गुदमरेल, म्हणून. पलीकडच्याच लिंबांचं सरबत होतं त्यात.

पहिल्या घराशी वटवाघूळ ओरडलं, भूत नुसतं उभं राहिलं. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी टेबलामागच्या आजीबाई म्हणाल्या, "आणि या भुताला काय हवं?" भूत गप्प. आजीबाई थांबल्या, हसल्या आणि चॉकलेट पुढे सरकवलं. मी मागे, वाऱ्यात उलगडत चाललेला. बायको माझ्याकडे बघत नव्हती. भुतांना बोलायची सक्ती नसते हे मीच सांगितलं होतं.

कोपऱ्यावरच्या घराशी मुलांचा घोळका जमला होता. तिथे लेकीला तहान लागली. तिनं बाटली धोतराच्या आत नेली, झाकण उघडलं, आणि मागून कोणाचा तरी धक्का लागला. सगळं सरबत धोतराच्या पुढच्या बाजूनं खाली ओघळलं.

हळद-साबणाचा प्रयोग आम्ही शाळेतही केला होता, पण त्याचा अर्धाच भाग मला आठवला होता. उरलेला अर्धा असा, की साबणानं लाल झालेली हळद लिंबानं पुन्हा पिवळी होते. तो प्रयोग आता आमच्या गल्लीत भर उन्हात घडला. पोटापासून खाली, बरोबर मधोमध, रक्त विरघळलं आणि पिवळाजर्द, ओला, मोठा डाग पसरत गेला.

हिरव्या डायनासोरच्या वेशातलं एक मूल आधी बघतच राहिलं. मग भुतानं शू केली म्हणून ओरडलं, "द घोस्ट हॅज डन अ वी!"

सगळी गल्ली हसली. मुलं म्हणजे गल्लीच असते.

मी पुढे धावलो आणि माझ्याच पायाच्या कागदात अडकून गवतावर बसलो. बायको पोचणार एवढ्यात धोतर हललं. आतून दोन हात आले आणि लेकीनं ते डोक्यावरून उपसून काढलं. केस विस्कटलेले, चेहरा लाल. मला वाटलं, आता रडेल, माझा खिसा धरेल. माझे खिसे कागदाखाली होते.

"इट्स नॉट वी!" ती ओरडली. "इट्स हळद!"

"व्हॉट्स हळद?" डायनासोर म्हणाला.

"यू पुट इट इन डाळ. अँड सोप मेक्स इट ब्लड. अँड लेमन..." ती थांबली. तिनं धोतराकडे नीट बघितलं. मला लागलेला अर्थ तिलाही त्याच क्षणी लागला असणार. "लेमन मेक्स इट गो बॅक!"

"लायर."

हे ऐकून तिनं बाटलीतलं उरलेलं सरबत काठावर ओतलं. दोन थरांचं रक्त डोळ्यांदेखत पिवळं झालं. गल्ली पुढे सरकली.

"डू इट अगेन," डायनासोर म्हणाला.

"सरबत संपलं."

वटवाघूळ कधीच घराकडे पळालं होतं. ते छत्रीच्या पंखात लिंबं भरून परत आलं. मग काय, धोतर गवतावर अंथरलं गेलं आणि प्रत्येकानं पिळून बघितलं. आजीबाई खुर्ची सोडून कुंपणापर्यंत आल्या. लेक मधे उभी राहून सूचना देत होती, तू इथे पीळ, तू तिथे, एकाच जागी नको. आवाज अगदी माझ्या उच्चारांवरच्या व्याख्यानातला.

बायको माझ्या शेजारी गवतावर येऊन बसली. पुठ्ठ्याची टोपी वाकडी झाली होती.

"केमिकल इंजिनिअर," ती म्हणाली.

"कागदावर," मी म्हणालो आणि हातावरचा राहिलेला कागद तिला डोळे पुसायला दिला. ती हसत होती, असं तिचं म्हणणं.

लक्ष्मीपूजनाला मी तेच धोतर नेसलो. धुऊन ते सगळीकडून फिकट पिवळं झालं होतं, पीतांबरासारखं म्हटलं तरी चाललं असतं. डोळ्यांची दोन भोकं मी निऱ्यांत दडवली होती. आई पुण्याहून व्हिडिओवर बसली होती.

"बरं दिसतंय की," ती म्हणाली. "नवीन घेतलंस?"

"हो, इथेच केलं," मी म्हणालो. बायको खोकली.

"चला, हळद-कुंकू वाहा आधी."

मी तबकाकडे पाहिलं. कुंकू होतं. हळदीचा डबा नव्हता. स्वयंपाकघरात शोधला, ओट्याखाली शोधला. कपडे धुवायची पावडरही नव्हती.

"पोरगी कुठाय?" आईनं विचारलं. "तिला विचार."

मागच्या अंगणातून कुंपणापलीकडचा आवाज आला, आणि त्या आवाजावर चढलेला आमच्या लेकीचा.

"शेजारी गेलीय," मी म्हणालो.

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

आई म्हणाली, "असू दे. अक्षता वाहा."