कुणाची गं तू?

आत्ता कराड स्टँडवर बसून लिहितेय. घाईत आहे, शुद्धलेखन तपासू नका.

सकाळी पाटणच्या वरच्या जंगलात एकटीच गेले होते. घटस्फोटानंतर सासरचं आडनाव काढलं. माहेरचं लावलं नाही, कारण आष्ट्याचे आण्णा, म्हणजे माझे वडील, वर्षभर माझ्याशी बोललेले नाहीत. म्हटलं, रानात जाऊन बघू तरी, मी नेमकी कोण ते. फोन बंद ठेवला. कुणालाच सांगितलं नव्हतं.

तासाभरात धुकं उतरलं आणि वाट चुकले. एका वळणावर, पंधरा पावलांवर गवा! त्यानं फुरफुरून मान खाली घातली. मी पळायला वळणार, तोच—

"हलू नगंस! गप हुबी ऱ्हा!" वरच्या दरडीवरून आवाज आला. म्हशी राखणारी म्हातारी होती.

किती वेळ गेला देव जाणे. शेवटी गवा वळला आणि कारवीच्या झुडपांत शिरला.

म्हातारी खाली आली ती तापूनच. "कुणाची गं तू?"

आपल्याकडं नाव नंतर, आधी हे. या प्रश्नाची मला आयुष्यभर चीड. पण तोंडातून निघालं, "आष्ट्याच्या आण्णांची."

"मग आण्णाला ठावं हाय का, तू हितं मरायला आलीयास ते?"

मरायला नाही, स्वतःला शोधायला, असं सांगणार होते. रडूच फुटलं. मग तिनंच मला खाली पाटणच्या रस्त्याला आणून सोडलं.

आता फोन चालू केलाय. आण्णांचा नंबर समोर आहे, बोट खाली जात नाही. तुम्ही पहिलं वाक्य काय बोलला असता? लवकर सांगा, आष्ट्याची एसटी लागलीय.