हात वर न होणारा ड्रेस

हात वर कसा करायचा, एवढंच मी विचारलं होतं.

समोर पुतळ्यावर एक राखाडी ड्रेस चढवलेला होता. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ताठ, बाह्या दंडाला घट्ट, काखेचा घेर एखाद्या शाळकरी मुलीच्या फ्रॉकला शोभेल एवढा. ज्युरीतले बाकीचे तिघे दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून बघत होते. आमचे अध्यक्ष मोठे स्टायलिस्ट. त्यांनी माझ्याकडे वळून समजावलं, की हा ड्रेस स्त्रीच्या घुसमटीबद्दल बोलतोय.

बोलणारच. त्यात शिरल्यावर दुसरं काय होणार होतं?

मी मूळची निपाणीची. बेंगळुरूच्या एक्स्पोर्ट कारखान्यांत सगळी नोकरी पॅटर्न करण्यात गेली. पॅटर्न म्हणजे कपड्याचे कागदी साचे. डिझायनर चित्र काढतो. ते हाडामांसाच्या माणसाच्या अंगात शिरेल असं करणं हे आमचं काम. आता निवृत्त होऊन बसवनगुडीत राहते. होतकरू डिझायनरांसाठी एका ब्रँडने पुरस्कार ठेवला आणि मला ज्युरीत ‘टेक्निकल एक्स्पर्ट’ म्हणून बोलावलं. बक्षीस भरघोस होतं. वर्षभर स्वतःचा स्टुडिओ चालवता येईल इतका निधी, शिवाय ब्रँडच्या दुकानांत विजेत्याच्या नावाचं कलेक्शन.

शेवटी दोघं उरले होते. राखाडी ड्रेसवाला आर्यन परदेशात शिकून आलेला. त्याने ड्रेसच्या आधी एक फिल्म दाखवली. तिच्यात समुद्र होता, पिंजरा होता, आर्यन स्वतः बराच वेळ होता. ड्रेस शेवटी दोन सेकंद दिसला.

दुसरी शोभा, बेळगावकडची. पाच वर्षं एका कारखान्यात मर्चंडायझर होती. मर्चंडायझर म्हणजे परदेशी बायर आणि कारखाना यांच्यामध्ये नमुने, तारखा आणि शिव्या पोचवणारा माणूस. ती नोकरी सोडून तिने जयनगरात मागच्या बाजूची एक खोली घेतली, दोन मशिनं टाकली आणि स्कूटरवरून ऑफिसला जाणाऱ्या बायकांसाठी कुर्ते केले. काखेत पतंगाच्या आकाराचा एक जादा तुकडा घातला होता. आम्ही त्याला गसेट म्हणतो. त्यामुळे हँडल धरायला हात पुढे गेले तरी पाठ ताणत नाही आणि कुर्ता वर चढत नाही. तुकडा असा बेमालूम बसवला होता, की मलाही शिवण शोधावी लागली. या कामात मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण तिचं केलं.

अध्यक्षांनी तिला विचारलं, “पण यात स्टोरी काय आहे?”

“सर, सिग्नलला थांबल्यावर कुर्ता खाली ओढावा लागत नाही,” ती म्हणाली.

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग बक्षीस नाही मिळालं तर काय करणार, असा आणखी एक बुद्धिमान प्रश्न झाला. जुन्या कंपनीने महिनाअखेरपर्यंत जागा ठेवली आहे, तिकडेच परत जाईन, असं तिने सरळ सांगितलं. ‘पॅशन कमी पडते’ असा त्यावर शेरा पडला.

गुणपत्रिकेत सर्वाधिक गुण स्टोरीटेलिंगला होते. फिट, शिवण वगैरे सगळं मिळून ‘टेक्निकल’ नावाच्या शेवटच्या रकान्यात, सर्वांत कमी. मी उठून राखाडी ड्रेसच्या मागे गेले. चेन नव्हती, बटणं नव्हती, हुक नव्हते. पाठ पुतळ्यावरच हाताने शिवून बंद केली होती. कात्रीशिवाय तो ड्रेस निघणार नव्हता. मी म्हटलं, दोघांचेही कपडे कुणाला तरी घालून बघू. ते शेड्यूलमध्ये नाही, असं उत्तर मिळालं. कुणाच्या अंगावर न चढवताच कपडा पास झालेला मी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिला.

बाकी तिघांचं मत आर्यनला पडलं. मी सही करेना. तेव्हा ब्रँडचे मेनन माझ्या शेजारी येऊन बसले. प्रेस नोटमध्ये ‘एकमताने’ असं छापायचं होतं.

“स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, मॅडम,” ते म्हणाले.

या शहरात थोडं जमवून घ्या म्हणायची ही रीत. याने घरमालक गप्प होतो, रिक्षावाला गप्प होतो, मीही झाले. खरं कारण वेगळंच होतं. माझ्या नावापुढे पहिल्यांदाच ‘ज्युरी’ लागलं होतं आणि ते मला आवडलं होतं. मी सही केली.

समारंभात मॉडेलला ड्रेस घालायचा म्हणून पाठ कापली आणि सेफ्टी पिनांनी जोडली. तिने आर्यनला ट्रॉफी द्यायची होती. तिचा हात कमरेच्या वर जाईना, म्हणून आर्यननेच वाकून घेतली. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, “पॉवरफुल.”

पंधरा दिवसांनी मेननचा फोन आला. ड्रेस दुकानांसाठी करायचा होता आणि टेक पॅक नव्हता. टेक पॅक म्हणजे कारखान्याला द्यायचा मापांचा आणि शिवणींचा तपशील. तो नसेल तर एक बाहीसुद्धा कापता येत नाही. आर्यनने ड्रेस कुठल्याशा मास्टरकडून करून घेतला होता आणि मास्टर आता फोन उचलत नव्हता. शोभा पॅटर्न करून देईल का, असं मेनननी विचारलं. लेबलवर तिचं नाव येईल का, असं मी विचारलं. लेबल डिझाइनचं असतं ना मॅडम, असं ते गोड आवाजात म्हणाले.

मी निरोप पोचवला. ती नाही म्हणाली. खोली सोडून, मशिनं विकून ती जुन्या नोकरीवर रुजूही झाली होती. मला बरं वाटलं. निदान त्या घुसमटीला तरी तिचा हात लागणार नाही, असं मी धरून चालले.

दोन महिन्यांनी तिचाच फोन आला.

“अक्का, तो राखाडी ड्रेस आमच्याच कारखान्यात आलाय. माझ्याच टेबलावर.”

“मग काय केलंस?”

“काय करणार? नोकरी आहे. पाठीला चेन लावली. काखेत माझा तुकडा घातला. आता हात वर होतो.”

“त्यांना सांगितलंस, हे तुझं आहे म्हणून?”

“सांगितलं की. मेनन सर म्हणाले, सॅम्पल छान झालंय. आर्यनने बायकांचा किती विचार केलाय.”

ती हसली. मला हसू आलं नाही. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

ड्रेस आता दुकानात आहे, आर्यनच्या नावाचं लेबल लावून. चांगला खपतो म्हणे. पुरस्काराच्या वेबसाइटवर त्याच्या फोटोखाली ज्युरीची नावं आहेत. माझं काढून टाका म्हणून मी दोनदा कळवलं. निर्णय एकमताने झाला होता, असं उत्तर आलं. ते खोटं नाही. न पटता केलेली सही आणि पटून केलेली सही कागदावर अगदी सारखीच दिसते.