देवदारची खूण

वखार बंद झाली तेव्हा मालकाच्या मुलाने आरा मशीन विकलं, पत्रे विकले, वजनकाटा विकला, आणि जे कोणीच घेईना ते मिस्त्रींच्या गळ्यात पडलं. तो कुत्रा होता. चार पायांवर उभा राहिला की पाठ जेवणाच्या टेबलाला लागायची. मिस्त्रींनी त्या वखारीत एकतीस वर्षं लाकूड कापलं होतं. कुठला ओंडका कसा फिरवायचा आणि फळी किती जाडीची काढायची हे तेच ठरवायचे. कुत्रा तिथे सहा वर्षं होता, पण त्याला नाव नव्हतं. वखारीत तो एकटाच कुत्रा, त्यामुळे कधी गरजच पडली नव्हती.

मिस्त्रींच्या बायकोने दारातच कमरेवर हात ठेवले. "हा कुत्रा आहे की वासरू?"

"कुत्रा," मिस्त्री म्हणाले.

"आणि राहणार कुठे? दोन खोल्यांत आपलंच भागत नाही."

"जिन्याखाली."

तिने आणखी बरंच विचारलं, पण मिस्त्री पाठ फिरवून आत गेले होते. यांच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं ती शेजारणीला सांगायची. एका वाक्यासाठी तीनदा ओरडून तिचा आवाजच चढलेला राहायला लागला होता. मिस्त्रींचा समज असा की वयाप्रमाणे बायको चिडकी झाली. खरी गोष्ट एवढीच, की मिस्त्रींचे कान आऱ्याने खाल्ले होते. मुलीने हौसेने आणलेलं कानाचं मशीन डबीसकट कपाटात पडून होतं. "मला ऐकू येतं," मिस्त्री म्हणायचे, "हल्ली लोकच पुटपुटतात."

मुलीची बदली याच गावात झाली होती. पंधरा दिवसांनी, रविवारी, ती दोन वर्षांच्या लेकीला घेऊन यांच्याकडेच राहायला येणार होती. फोनवर तिने आईला सरळ सांगितलं, "कुत्र्याला माझी ना नाही. पण एवढं धूड, आणि घरात लहान पोर. हाक मारली की तो यायला हवा, थांब म्हटलं की थांबायला हवा. ते जमणार नसेल तर मी येण्याआधी त्याची दुसरीकडे सोय करा."

दुसरीकडे म्हणजे कुठे, तेही ठरल्यासारखंच होतं. वीटभट्टीवाल्याला राखणीला मोठा कुत्रा हवा होता. त्याची कुत्री दिवसभर साखळीला असतात हे मिस्त्रींनी पाहिलं होतं. हा कुत्रा जन्मात कधी बांधलेला नव्हता, आणि तो साखळीला बसलेला मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे नुसता आला तरी ते ताटावरून उठायचे.

हाक मारायची तर आधी नाव हवं. नाव डोंगर, नद्या, झाडं, पाऊसपाणी यांतूनच घ्यायचं, हे बायकोने परस्पर ठरवून टाकलं. माणसाचं नाव ठेवलं की ते कुठल्या तरी नातेवाइकाचं निघतं आणि भांडण होतं. डोंगराच्या वतीने भांडायला कोणी येत नाही.

मिस्त्री मात्र नावाला हात लावायला तयार नव्हते. "साल बघून सांगतो तो गिऱ्हाईक, कापून आणि वास घेऊन सांगतो तो मिस्त्री," असं वखारीत म्हणायचे. आलेल्या ओंडक्याचं नाव पहिला काप घेतल्याशिवाय मिस्त्री तोंडाने उच्चारत नसत. "आधी तो कोण आहे ते कळू दे," ते म्हणाले.

"पंधरा दिवस आहेत हातात. कापून बघणार आहात का त्याला?"

मग तिनेच कंबर कसली. पहिले तीन दिवस तो पर्वत होता. ती जिन्यावरून हाका मारून थकली.

"पर्वत कधी जागचा हलतो का?" मिस्त्री म्हणाले.

पुढे त्याचं वादळ झालं. वादळ जिन्याखाली पंजावर डोकं ठेवून झोपलं होतं. "वादळ म्हणे! याच्यापेक्षा आपली पाण्याची टाकी जास्त हलते," ती म्हणाली. मग तिने गच्चीवरून 'सागर' अशी खणखणीत हाक दिली, तर शेजाऱ्यांचा लग्नाला आलेला मुलगा अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत खाली आला आणि म्हणाला, "काय झालं काकू?" कुत्र्याने त्याच्याकडे पाहून शेपूट हलवलं, एवढंच. मेघ, डोंगर, वणवा, सगळं करून झालं. कुत्रा वाईट नव्हता. समोर गेलं की पाय चाटायचा, मागून हाक मारली की ढिम्म.

"डोक्यात काही नाहीच त्याच्या," बायको म्हणाली. मिस्त्रींना ते लागलं, कारण हेच वाक्य त्यांनी स्वतःबद्दलही ऐकलं होतं.

दहाव्या दिवशी दोघं त्याला लस टोचायला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. वहीत नावाची जागा होती. "सध्या वादळ लिहा," बायको म्हणाली. डॉक्टरबाईंनी कुत्र्याच्या मागे जाऊन हाक मारली, टाळी वाजवली, मग काय वाटलं कोण जाणे, स्टीलचे दोन रिकामे ट्रे उचलून एकमेकांवर आपटले. बायको दचकून भिंतीला चिकटली. कुत्रा मिस्त्रींचा गुडघा हुंगत राहिला. मिस्त्री भिंतीवरचा जनावरांच्या दातांचा तक्ता वाचत राहिले. दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही.

"याला ऐकू येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग आवाज बारीक करून, "आणि यांना?"

"यांना येतं," बायको म्हणाली. "लोक पुटपुटतात."

रस्त्यात तिने मिस्त्रींसमोर उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. "आऱ्याच्या शेजारीच झोपायचा तो," मिस्त्री म्हणाले. "आम्ही कानात बोळे तरी घालायचो. त्याच्या कानात कोण घालणार?" स्वतःच्या कानांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत, पण घरापर्यंत त्यांचा हात कुत्र्याच्या मानेवर होता.

मुलगी फोनवर म्हणाली, "बहिरा आहे? मग तर प्रश्नच मिटला, आई." वीटभट्टीवाल्याला शनिवारी यायला सांगितलं.

शुक्रवारी दुपारी समोरचा रस्ता फोडायचं काम निघालं. यंत्राच्या आवाजाने खिडक्या थरथरत होत्या. बायकोलासुद्धा स्वतःचं बोलणं ऐकू येईना. मिस्त्री पायरीवर बसले होते. तिने स्वयंपाकघराच्या दारातून कुत्र्याचं झोपायचं पोतं उचलून दाखवलं आणि हातानेच विचारलं, यात काय भरून देऊ? मिस्त्रींनी सवयीने हातानेच उत्तर दिलं. पाच बोटं जुळवून नाकाशी नेली आणि मग तोच हात सरळ वर केला.

बायकोला काही कळलं नाही. पण जिन्याखालचा कुत्रा ताडकन उठला. शेपूट हलवत सरळ मिस्त्रींकडे आला आणि त्यांच्या हाताकडे टक लावून उभा राहिला.

आरा चालू असताना वखारीत शब्द चालत नसे. सगळं बोलणं खुणांनी. मनगटावर दोन बोटं म्हणजे दोन इंची फळी. छातीवर तळवा म्हणजे थांबा. मग माणूस असेल तिथे खिळायचा, नाहीतर हात जायचा. प्रत्येक लाकडाचीही खूण असे. नाकाशी बोटं आणि वर हात म्हणजे देवदार: वास आणि उंची. ज्या दिवशी देवदार कापत, त्या दिवशी चौकीदार कुत्र्याच्या पोत्यात ताजा भुसा भरायचा, कारण त्या वासाने पिसवा येत नाहीत. सहा वर्षं या कुत्र्याने ती खूण बघितली होती आणि प्रत्येक वेळी त्याला मऊ बिछाना मिळाला होता. थांबायच्या खुणेला माणसांबरोबर तोही जागच्या जागी थांबायचा.

यंत्र थांबल्यावर मिस्त्रींनी त्याला रस्त्याच्या टोकाला नेऊन बसवलं आणि परत येऊन खूण केली. तो पळत आला. अर्ध्या वाटेत त्यांनी छातीवर तळवा ठेवला. तो थांबला. पाच वेळा केलं, पाचही वेळा थांबला. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "रस्त्याची धूळ," ते म्हणाले, आणि बायकोने पदराने स्वतःचेही डोळे पुसले.

"कळला तो कोण आहे?" तिने मोठ्याने विचारलं.

"देवदार," मिस्त्री म्हणाले.

शनिवारी वीटभट्टीवाला हात हलवत परत गेला. रविवारी मुलगी आली. नातीला पाहून देवदार पुढे निघाला, आणि आईने फोनवर शिकवल्याप्रमाणे, पण पांढऱ्याफटक चेहऱ्याने, मुलीने छातीवर तळवा ठेवला. देवदार चार पावलांवर थांबला आणि खाली बसला. नात स्वतःच त्याच्याकडे गेली आणि तिने त्याचा कान धरला.

"आणि हात मोकळे नसले तर?" मुलगी म्हणाली.

"तर पाय आपट," मिस्त्री म्हणाले. "त्याला हादरा कळतो."

मुलीने बॅग आत नेली. जेवणं झाल्यावर बायकोने मिस्त्रींच्या समोर बसून विचारलं, "माणसांच्याही खुणा होत्या का हो?"

"होत्या की. मालकाची पोटावरून हात, चौकीदाराची मिशी."

"तुमची?"

मिस्त्रींनी एक बोट उजव्या कानामागे ठेवलं. तिथे कायम पेन्सिल असायची.

"एकतीस वर्षांत कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं असेन," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं नसेल." या वेळी मात्र मिस्त्री लोकांच्या पुटपुटण्याबद्दल काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री पायरीवर पेपर वाचत होते, देवदार पायाशी होता, आणि नात आत झोपली होती. स्वयंपाक झाला तेव्हा बायको दारात आली. तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं. आधी बोटं नाकाशी नेऊन हात वर केला. देवदार उठला, म्हणून मिस्त्रींनी पेपरातून मान वर केली. मग तिने एक बोट उजव्या कानामागे ठेवलं.

मिस्त्री पेपर टाकून उठले. तिच्या पहिल्याच हाकेला ते उठून आले, असं याआधी कधी झालं होतं ते दोघांनाही आठवेना.