जागेवर ठेव

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत कुणाचंही बोट तुटत नाही. गॅरेजात सुतारकाम, सत्तरी ओलांडलेले काका, हातात करवत, एवढं ऐकल्यावर तुम्ही बोटाचीच वाट बघत बसणार. मीही बसलो होतो. काकू तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी कायमच्याच बसलेल्या. खाली रंध्याचा आवाज थांबला की त्यांची हाक जायची, "अहो?"

आणि गॅरेजातून उत्तर यायचं, "दाही आहेत!"

म्हणजे बोटं. मग परत रंधा सुरू.

मी करमाळ्याचा. नोकरीसाठी पुण्यात आलो आणि सहकारनगरात या काकांच्या गॅरेजवरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. नकला करायची मला लहानपणापासून खोड. शाळेत गणिताच्या सरांची नक्कल करताना सर मागेच उभे होते, हे सांगितलं की बाकीचं तुम्हाला कळेलच. पुण्यात आल्यावर मला काका सापडले. हडपसरच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माझा एकच कार्यक्रम. डावा खांदा जरा खाली, पेन्सिल कानावर, मान तिरकी, आणि नाकातून, "दाही आहेत!" पोरं डबे सोडून हसायची.

तर गॅरेज. आधी तिथं गाडी होती. ती काकांनी एक दिवस अचानक विकली. का, तर म्हणे, "पुण्यात गाडी चालवणं म्हणजे रोज नव्या माणसाच्या शिव्या खाणं. घरच्या पुरेत." आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली सांभाळलेला हा माणूस दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, मी सुतारकाम शिकणार. काकूंनी विचारलं, "का?" तर म्हणाले, "तुला पाट पाहिजे होता ना?" काकू म्हणाल्या, "तो मी लग्नात मागितला होता."

हत्यारं जुन्या बाजारातून आली. पिशव्या उचलायला मी. तिथला एक चाचा सारखा सांगत होता, "काका, मशीन घ्या. हातानं कोण करतंय आजकाल?" काका म्हणाले, "मशीन ओरडतं. मला ऐकू येत नाही मग." काय ऐकू येत नाही, ते चाचाला कळलं नाही. मलाही नाही.

एका जुन्या सागवानी दाराचा ओटा झाला. भिंतीवर मोठी फळी ठोकली, तिच्यावर खिळे, आणि खिळ्यांवर हत्यारं. करवत डावीकडे कमरेच्या उंचीला, हातोडी उजव्या कोपरापाशी, पटाश्या छातीसमोर, धार भिंतीकडे. कशाला काही ताळमेळ नाही. मोठ्याशेजारी छोटं, वर-खाली. मी एकदा हातोडी उचलून ओट्यावर ठेवली, तर लगेच, "करमाळेकर, जागेवर ठेव. ती जागा तिची आहे, तुझी नाही."

"पण काका, ही समोरच तर आहे."

"समोर आहे तुझ्या. माझ्या नाही."

मी हेही ऑफिसात करून दाखवलं. हशा.

पहिला पाट झाला. त्यावर बसलं की तो डुलायचा. काकू बसल्या, एकदा पुढं, एकदा मागं झाल्या, आणि म्हणाल्या, "जेवायला बसायचंय हो, झोके घ्यायला नाही." काका म्हणाले, "झोक्याचे वेगळे पैसे नाही लावले." मग त्यांनी तो गॅरेजात नेला आणि पायांवरून नुसता तळहात फिरवत राहिले. मी म्हटलं, "काका, तिसरा पाय लांब आहे, दिसतंय की." त्यांनी परत पहिल्या पायापासून तळहात फिरवायला सुरुवात केली.

गॅरेजातला बल्ब गेला. मी नवा आणला, तर म्हणाले, राहू दे. आणि एका संध्याकाळी मी जिन्यावरून उतरत होतो. खाली पूर्ण अंधार आणि आत रंधा चाललेला. सुर्र, सुर्र, एकसारखा. मी दारात जाऊन त्यांच्याच आवाजात म्हटलं, "दाही आहेत?"

रंधा थांबला. "ये आत. दार लोट."

मग त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आलाय. कडेकडेनं दिसतं, ज्याच्याकडे बघावं ते मात्र दिसत नाही. डाग वाढत जाणार. डॉक्टर म्हणाले, वाढायचा थांबवता येईल असं काही राहिलं नाही. गाडी त्यामुळे विकली. पेपर मानेचं दुखणं सांगून काकूंकडून वाचून घेतात.

"तुझं तोंड मला दिसत नाही. कान दिसतात फक्त."

"मग फार काही चुकत नाही तुमचं," मी म्हटलं. सवयच आहे तोंडाला.

ते हसले नाहीत. "हिला सांगायचं नाही. ही मुलाला सांगणार. मुलगा बंगळुरूला विसाव्या मजल्यावर राहतो. तो टपूनच बसलाय, इथलं बंद करा, या म्हणून. चांगला आहे तो, त्याचं काही नाही. पण तिथं मला पाण्याचा पेला कुठंय, हेसुद्धा कुणाला तरी विचारावं लागेल. मला अशी एक खोली पाहिजे, करमाळेकर, जिथं मला काही विचारावं लागणार नाही. डोळे आहेत तोवर तयार करून ठेवतोय."

त्यानंतर मी ऑफिसात काकांचा कार्यक्रम बंद केला. पोरांनी फर्माईश केली तरी. गंमत म्हणजे, आता मी त्यांच्याकडे जास्त नीट बघायला लागलो. ते डोळे मिटून सराव करायचे. ओट्यासमोर पाय रोवायचे आणि हात सोडायचे. हात करवतीवर. हात काटकोन तपासायच्या गुण्यावर. एखाद्या बाईचा हात फोडणीच्या डब्यातल्या मोहरीवर जातो, तसा. कुठं अडखळायचा नाही.

मग दिवाळी आली, म्हणजे साफसफाई आली. काकांची बहीण त्यांना फराळाला हडपसरला घेऊन गेली. मी दुपारी ऑफिसातून आलो तर गॅरेजचं दार सताड उघडं, आणि काकू पदर खोचून उभ्या.

"बघ कसं लखलखतंय! यांना दाखवायचंय आल्यावर. काय तो पसारा करून ठेवला होता."

फळी धुऊन पुसून काढली होती. नवा बल्ब लावला होता. आणि हत्यारं काकूंनी आपल्या मांडणीतल्या पळ्या-झाऱ्यांसारखी लावली होती. मोठ्यापासून लहानापर्यंत, एका ओळीत, काय सुंदर. पटाश्या कोपराच्या उंचीला. धार बाहेर, चकचकीत दिसावी म्हणून.

काका संध्याकाळी येणार आणि आल्या आल्या गॅरेजात शिरून हात सोडणार.

"काकू, तुम्ही चहा टाकता का?" म्हटलं, आणि त्या गेल्यावर मी सगळं काढून ओट्यावर ठेवलं. आता परत लावायचं, तर आठवेना. करवत डावीकडे, पण किती वर? गुण्या कुठं? भोकं पाडायचं किकरं कुठं? रोज बघितलेलं, पण डोळ्यांना काही सांगता येईना. मग मला जे येतं ते मी केलं. ओट्यासमोर उभा राहिलो, डावा खांदा पाडला, मान तिरकी केली, डोळे मिटले. काका झालो. आणि हात सोडला. एकेक आठवायला लागलं. करवत इथं. हातोडी इथं. पटाशीला हात वर जातो, मग जरा उजवीकडे, नाही, खाली, नाही. मी फळी चाचपत होतो, खिळा, मोकळी जागा, खिळा.

"काय करतोयस रे?"

काकू. हातात चहा.

"काही नाही, काकांची नक्कल," मी म्हटलं. "तसं उभं राहिल्याशिवाय जागा आठवत नाहीत."

त्या हसल्या. मग हसणं थांबलं.

"डोळे का मिटलेस?"

मी डोळे उघडले आणि ओट्यावरची एक पटाशी उचलून घाईघाईनं पुसायला लागलो.

काकूंनी चहा ओट्यावर ठेवला. फळीकडे बघितलं, नव्या बल्बकडे बघितलं. "पेपर," एवढंच म्हणाल्या. मग पदरानं हात पुसून म्हणाल्या, "हं. मीट डोळे. सांग, पुढचं काय कुठं." मी हात नेत होतो, त्या हत्यार लावत होत्या. पटाश्यांची धार त्यांनी स्वतः भिंतीकडे केली.

संध्याकाळी काका आले आणि सरळ गॅरेजात गेले. त्यांना काही जाणवलं नाही. रंधा थांबला तेव्हा काकूंनी हाक मारली, "अहो?" पण ती हाक नेहमीची नव्हती. उत्तर यायला उशीर लागला.

काकूंनी बंगळुरूला फोन केला, आणि भाऊबिजेच्या आत मुलगा दोघांना न्यायला आला. भांडण नाही, आवाज नाही. पुण्यात असंच असतं, दारं हळू लावतात आणि माणसं जातात. गॅरेजात आता पोळी-भाजी केंद्र आहे.

काका निघायच्या आदल्या दिवशी मला खालून हाक आली होती, "करमाळेकर, खाली या." 'या' म्हणाले, म्हणजे संपलंच.

हत्यारं अजून फळीवरच होती. काका ओट्याला टेकून उभे होते. "हिनं सांगितलं मला. हिच्यासमोर काय केलंस, ते दाखव."

"काका, जाऊ द्या ना."

"दाखव. कडेनं दिसतं मला."

त्यांनी मान वळवली, जणू कानानं बघतायत. मी डोळे मिटले, खांदा पाडला आणि हात फळीवर चाचपत नेला. खिळा, मोकळी जागा, खिळा.

"थांब. माझा हात असा जातो?"

"नाही."

"कसा जातो?"

"सरळ."

"मग तिच्यासमोर सरळ का नाही नेलास? सरळ नेला असतास तर ती म्हणाली असती, गाढव आहे, नकला करतंय, आणि गेली असती चकल्या तळायला."

"काका, चाचपडत मी होतो. तुम्ही नाही. मला आठवत नव्हतं."

"मग ते माझ्या नावावर कशाला खपवलंस?" त्यांचा आवाज चिरका झाला होता. "माणसाची नक्कल करायची तर नीट करावी. येत नसेल तर आपल्या खोलीत गप बसावं!"