मरियमबीचं मीठ

मरियमबीच्या हाताला यश आहे, असं अख्खं बर दुबई म्हणायचं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते ऐकायला आवडायचं. रत्नागिरीकडची ही सुईण मुलामागून इथे आली. गावी बाळंतिणीला तेल आणि शेक पुरत असे. इथल्या अरब सुइणी मात्र अंग आवळावं म्हणून बाळंतपणानंतर बाळाच्या वाटेत खड्याचं मीठ भरत. देश तसा वेश म्हणत मरियमबीही भरू लागली, आपल्या कोकणी बायकांनासुद्धा, आणि मोठ्या ऐटीत. त्रेसष्ट साली सून हाफिजाला मुलगी झाली, तेव्हा तर सलग सात दिवस भरलं. हाफिजा तळमळली. "सोस," मरियमबी म्हणाली. जसं काही सोसायचं बायकांना शिकवावंच लागतं!

दोन वर्षांनी हाफिजाला पुन्हा कळा आल्या. दीड दिवस झाला तरी मूल पुढे सरकेना. मरियमबीने चाचपून पाहिलं, तर वाट आवळून कातड्यासारखी कडक झालेली. अब्र्याच्या होडीतून खाडीपार, देऱ्याच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट फाडून हाफिजाला वाचवलं. मुलगा मेलेलाच निघाला.

"नमक किसने भरा?" बाईंनी विचारलं.

"मैंने."

"और किस किस को?"

मरियमबीने नावं सांगितली. चौदा निघाली.

"उनको बोलो, अगला बच्चा यहीं होगा. घर पे नहीं."

घरी येऊन तिने नातवाला नहाण घातलं, कफनात गुंडाळून मुलाच्या हाती दिलं, हाफिजासाठी पेज शिजवली. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं. लोकांचं काय जातं म्हणायला?

आठव्या दिवशी ती पहिल्या घरी गेली. खैरुन्निसाला सातवा लागला होता. इस्पितळाचं नाव काढताच ती हसली.

"खाला, तुम्ही असताना हॉस्पिटल कशाला? पहिल्या वेळी तुम्हीच सोडवलंत ना मला?"

"हाफिजाचं पोर माझ्या मिठानं गेलं."

खैरुन्निसाचा हात पोटावर गेला.

"मलाही भरलं होतंत."

"भरलं होतं. म्हणूनच आले. जाशील ना?"

"जाईन," खैरुन्निसा म्हणाली. "पण तुम्ही माझ्यासोबत येऊ नका."

मरियमबीने मान डोलावली आणि पुढच्या घराकडे निघाली. अजून तेरा घरं होती.